क्रीक–एस्च्युअरी: गाठ सुटली, कार्डं वाढली

गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दजोड्यांतला फरक मी कार्डांवर टिपतो. त्यातली मागच्या नोंदीत लटकलेली क्रीक–एस्च्युअरी जोडी अखेर सुटली. त्या नादात एकाची तीन कार्डं झाली, हा भाग वेगळा.

आधी सोपं. हिस्टॉरिक–हिस्टॉरिकल सुटलेल्या जोड्यांच्या हिरव्या डब्यात गेली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी हिस्टॉरिक, म्हणजे इतिहासात गाजलेली. त्या काळाची कागदपत्रं, अगदी कोळशाची बिलंसुद्धा, हिस्टॉरिकल, म्हणजे नुसती इतिहासातली. अदलाबदल केली की वाक्य लगेच लंगडतं. अशी जोडी हाती लागली की जेवण गोड लागतं.

क्रीकने मात्र जाम छळलं. अदलाबदलीची चाचणी लागूच पडेना. वसईची खाडी नकाशावर क्रीक, अभ्यासकांच्या लेखी उल्हास नदीची एस्च्युअरी, म्हणजे नदीमुख. कोशात बघावं तर क्रीक म्हणजे भरतीचं पाणी आत शिरतं ती चिंचोळी खाच. आणि अमेरिकेत चक्क ओढा, समुद्राशी घेणंदेणं नाही! खिशातले कोश हा फरक खुशाल गाळतात, म्हणून मी ते कपाटावर टाकलेत.

उकल झाली घोडबंदर रोडला, गायमुखच्या काठावर. ओहोटीला जलपर्णीचे पुंजके गढूळ पाण्यावरून वसईकडे चालले होते. भरती लागली तसे तेच पुंजके थबकले आणि कल्याणच्या दिशेने मागे सरकू लागले. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं इथे एकमेकांत मिसळतं. एस्च्युअरी हा त्या मिसळण्याचा शब्द, क्रीक नुसत्या आकाराचा. एकाच पाण्याला दोन्ही लागतात, मग अदलाबदलीत काय सापडणार? ठाणे खाडीत, ऐरोली-वाशीकडे, गोडं पाणी मुख्यतः पावसाळ्यातच येतं, त्यामुळे तिथे एस्च्युअरी म्हणताना मी हात आखडता घेतो.

तर आता कार्डाची कड रंगवायची: आकाराला निळी, कामाला लाल. अमेरिकी अर्थाचं कार्ड वेगळं.

खरं तर पुढे शिप–बोट घेणार होतो, पण हे लिहितानाच स्वॅम्प–मार्श डोक्यात आलं. झाडं असली तर स्वॅम्प, गवत असलं तर मार्श. म्हणजे ऐरोलीची तिवरं स्वॅम्पमध्ये. शिवाय 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली ती वेटलँड म्हणून, आणि त्या शब्दाच्या पोटात हे दोन्ही येतात. इथे निळा-लाल चालणार नाही, तिसरा रंग लागेल. शिप–बोट थांबेल.

नौपाड्यातून आणलेल्या कार्डांवर शाई फुटते. जाड, गुळगुळीत कार्डं ठाण्यात कुठे मिळतात? ऑनलाइन नकोत, हात लावून बघितल्याशिवाय मी कागद घेत नाही.