टिकलीचा ग

व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. सतारीला असतात, गिटारला असतात. इथे नुसती काळी गुळगुळीत पट्टी. बोट तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी ग बेसूर. म्हणून नव्या मुलांना मी रे, ग, म यांच्या जागी टिकल्या लावून देते. त्या घरोघरी असतात, आणि सात वर्षांच्या मुलीला लाल टिकल्या लावलेलं अर्ध्या मापाचं व्हायोलिन लगेच आपलं वाटतं.

क्लास आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. बाकी सगळं घरी. "मॅडम, घरी हातच लावत नाही हो!" ही तक्रार आली की मी विचारते, वाद्य असतं कुठे? कपाटावर, पेटीत. मग कसं व्हायचं? स्टूल आणा, पेटी काढा, गज ताणा, त्याच्या केसांना रोझिन म्हणजे राळ घासा. पावसाळ्यात तर लाकूड फुगून खुंट्या अडकतात, त्या बाबा ऑफिसातून आल्याशिवाय फिरत नाहीत. तोवर पोरगं खाली खेळायला पळालेलं. म्हणून मी सांगते, दिवसभर वाद्य दिवाणावर उघडं राहू द्या. जाता-येता दोन मिनिटं वाजवलं तरी चालेल. (गज तेवढा सैल करून ठेवा.)

दुसरी अडचण घरातल्या कानांची. पहिले काही महिने गज तिरका जातो आणि न तेल घातलेल्या बिजागरीसारखा आवाज येतो. मग आतून हाक येते, "दार लावून घे गं!" या चार शब्दांनी जितकी व्हायोलिनं माळ्यावर गेली, तितकी अभ्यासानं किंवा क्रिकेटनंही गेली नसतील.

जपानच्या शिनिची सुझुकींच्या पद्धतीत मुलाच्या आधी आईला किंवा वडिलांना थोडं वाजवायला शिकवतात. मी एकदा पालकांना हे सुचवून पाहिलं. सगळ्यांना एकदम मीटिंगा आठवल्या.

माझ्या एका विद्यार्थिनीला मात्र आजी होती. आजी भजनी मंडळातली, नोटेशन वगैरे काही येत नाही. नात मांडी घालून बसायची, उजवा पाय जरा पुढे, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवलेलं. समोर आजी मटार सोलत. सूर लागला की आजी "हं" म्हणायची. नाही लागला तर गप्प. ओरडा नाही, शाबासकी नाही. कधी पलटा अडला तर आजी तो गाऊन दाखवायची, सारेगम, रेगमप, आणि नात तिच्या मागून वाजवायची. आपल्याकडे व्हायोलिन असंच गळ्यामागून चालत आलं आहे. गजाननबुवा जोशी तर गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. आजीला यातलं काही सांगायची मला गरज वाटली नाही.

गेल्या मंगळवारी ती मुलगी क्लासला भूप राग वाजवत होती. सा रे ग, ग रे सा. ग नेमका, स्वच्छ. मी सहज पट्टीकडे पाहिलं, तर गची टिकलीच नव्हती. घामानं सुटून तिच्या फ्रॉकवर, गुडघ्यापाशी चिकटली होती. तिचं लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले.

मी हळूच म्हटलं, "हं."