तुम्ही विचारलंत म्हणून: व्हर्साय का नाही?

व्याख्यान कशावरही असो, नंतर चहाच्या वेळी कोणीतरी गाठतंच. "पाश्चात्त्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घोडचूक कोणती हो?" मी १ ऑगस्ट १९१४ ची संध्याकाळ म्हटलं की चेहरा पडतो. "म्हणजे व्हर्साय नाही?" पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहानेच पुढे हिटलर आणला, हे उत्तर त्यांनी घरूनच आणलेलं असतं, मी नुसता शिक्का मारायचा.

नाही, व्हर्साय नाही. १९१९ चा तह सूडबुद्धीचा होता, मान्य. पण तो होऊन नऊ वर्षं झाल्यावर, मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं मिळाली २.६ टक्के आणि जागा १२. जुलै १९३२ मध्ये तोच पक्ष ३७ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात तह काही जास्त कडक झाला नव्हता, उलट सैलच पडत गेला होता. आली होती ती मंदी. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना माझाच आवाज चढतो.

तर ती १ ऑगस्टची संध्याकाळ, पहिलं महायुद्ध पेटतानाची. बर्लिन. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने सैन्याच्या जमवाजमवीच्या हुकमावर नुकतीच सही केलेली. तेवढ्यात लंडनमधला जर्मन राजदूत लिख्नोव्स्की याची तार आली. जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही, तर फ्रान्स तटस्थ राहील याची हमी ब्रिटन घेईल, असा तिचा सूर. कैसर हरखला. मग सगळी फौज पूर्वेला, रशियाकडे वळवा की! सरसेनापती मोल्टकेने साफ नकार दिला. लाखो माणसांची हालचाल, वर्षभर खपून आखलेलं गाड्यांचं वेळापत्रक, ते ऐनवेळी फिरवलं तर हातात सैन्य नाही, नुसता गोंधळ उरेल. "तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं," कैसर म्हणाला. मोल्टकेनेच पुढे हे लिहून ठेवलंय. काका म्हणजे १८७० चं युद्ध जिंकणारा थोरला मोल्टके; घाव वर्मी लागला. तरी निदान फ्रान्सच्या वाटेवरच्या तटस्थ लक्झेंबर्गमध्ये शिरू नका असा हुकूम कैसरने सोडलाच. त्यावर सही करायला मोल्टके तयार झाला नाही. घरी जाऊन रडला.

इकडे संध्याकाळी सातच्या सुमाराला एक जर्मन तुकडी मोटारींतून लक्झेंबर्गमधल्या ट्रॉइसव्हिएर्जच्या स्टेशनात घुसली होती. तारघर ताब्यात घेतलं, थोडे रूळ उखडले. अर्ध्या तासाने दुसरी मोटार आली: चूक झाली, मागे फिरा. आणि फिरले की! सैन्य मागे वळू शकत नाही म्हणणाऱ्यांचंच सैन्य. रात्री अकराच्या सुमाराला ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज याची तार आली की राजदूताचा काहीतरी गैरसमज झालाय. कैसरने मोल्टकेला बोलावून घेतलं: आता तुम्हाला हवं ते करा.

तरुणपणी मी इथे थांबून टाळी घ्यायचो. खिशात हुकमी पानही होतं: जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागातले जनरल फॉन श्टाब यांनी युद्धानंतर कागदावर मांडून दाखवलं होतं की सातपैकी चार सैन्यं पूर्वेला नेता आली असती. म्हणजे मोल्टकेचं "अशक्य" हे अशक्य नव्हतंच. पण त्या तरुणाला आज मी विचारेन, लेका, मुळात ती तारच गैरसमजातून आलेली, मग गाड्या वळवूनही ब्रिटन कुठे बांधलेलं होतं? शिवाय ५ जुलैला सर्बियाविरुद्ध ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा देऊन बसलेला माणूस हा कैसरच. त्याला एका संध्याकाळचा शांतिदूत कशाला करतोस? तो तरुण गप्प बसणार नाही. म्हणेल, पूर्वेकडच्या चढाईची वेगळी योजना १९१३ पर्यंत दरवर्षी नवी होत होती, मग बासनात गेली. पळवाट होती, ती यांनीच बुजवली. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

"पण युरोपच्या भांडणात आपला काय संबंध?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. याने मात्र माझं डोकं फिरतं. डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत अल-अमारा इथे जर्मनीच्या दोस्त तुर्कांच्या वेढ्यात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातलं जे अडकलं ते सहावं डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापले जाऊ लागले, आणि धर्म बुडेल म्हणून कित्येक हिंदी शिपाई ते मांस खाईनात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड कैदेतही इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेलं आणि रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. जर्मन भांडवलावर चाललेलीच ती रेल्वे.

तेव्हा व्हर्साय म्हणायचं तर खुशाल म्हणा. फक्त १९२८ चे ते २.६ टक्के कुठे बसवणार, ते आधी सांगा.