आकडा नव्वदचा, तरी गेम अडखळतो: स्मूथ गेमसाठी मी काय काय केलं

एमजी रोडवरून १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आणला तेव्हा आता गेम एकदम स्मूथ चालणार, याबद्दल मला शंका नव्हती. ग्राफिक्स कार्ड मधल्या किमतीतलं, पण माझ्या आवडीच्या रेसिंग गेममध्ये कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं तयार करतं तो, ८५-९० च्या आसपास असायचा. जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा फरक जाणवलाच. सरळ रस्त्यावर गाडी मस्त पळायची. वळणावर मात्र कडेचं रेलिंग क्षणभर थबकायचं आणि मग एकदम पुढे सरकायचं. एकदा ते नजरेला खुपलं की मग दुसरं काही दिसेना.

पंचवटीतला माझा आतेभाऊ आला होता. थोडा वेळ खेळून म्हणाला, "दादा, नव्वद येतायत ना? मग झालं की. साठच्या वर डोळ्याला कळतच नाही."

हा समज आपल्याकडे इतका घट्ट बसलाय की मला तो मनापासून खटकतो. दाखला नेहमी सिनेमाचा देतात, की २४ फ्रेममध्ये सिनेमा छान दिसतो, मग गेमला जास्त कशाला? पण सिनेमाच्या कॅमेऱ्याचं शटर एकेका फ्रेमसाठी साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्या वेळात वस्तू हलते, फ्रेममध्ये पुसट उमटते आणि दोन फ्रेममधली हालचाल डोळा जोडून घेतो. गेमची फ्रेम मात्र एका क्षणाचं स्वच्छ, धारदार चित्र असते. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा पुसटपणा, चालू केला तर तो वेगळा चढवलेला असतो. शिवाय सिनेमा आपण नुसता बघतो, गेममध्ये आपला हात गुंतलेला असतो. माऊस हलवला की चित्र लगेच हललं पाहिजे.

भावाला मी नेटवरची ती यूएफओची चाचणी लावून दाखवली. एकच तबकडी एकाच वेगाने स्क्रीनवर पळते, वर १४४ फ्रेममध्ये, खाली ७२ मध्ये, त्याखाली ३६ मध्ये. तबकडी सेकंदाला ९६० पिक्सेल पळत असेल तर ६० फ्रेममध्ये ती दर फ्रेमला १६ पिक्सेल पुढे जाते, १२० मध्ये ८. एलसीडी पडदा पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची तशीच धरून ठेवतो, आणि डोळा तर तबकडीच्या मागे सलग फिरत असतो. म्हणून कमी फ्रेममध्ये तिच्या कडा फिसकटतात. भाऊ पडद्याजवळ वाकून बघत राहिला. "हो रे दादा, वरची साफ दिसते. तिच्या खिडक्यापण मोजता येतात."

म्हणजे जास्त फ्रेमचा फायदा खरा होता. मग माझ्या नव्वदचं काय बिनसलं होतं?

उत्तर त्या आकड्यातच होतं. एफपीएस म्हणजे सेकंदाभरातल्या फ्रेमची नुसती बेरीज. त्या सेकंदाच्या आत काय घडलं ते तो सांगत नाही. समजा ८९ फ्रेम प्रत्येकी साडेदहा मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम ६५ मिलिसेकंद अडकली. एकूण जवळपास एक सेकंद, फ्रेम ९०. काउंटर खूश. डोळ्याला मात्र तो ६५ मिलिसेकंदांचा थांबाच दिसतो, कारण बाकीचं सगळं सुरळीत चाललेलं असतं.

म्हणून मी कार्डावर नजर ठेवणारं आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर हे प्रोग्रॅम टाकले आणि एफपीएसऐवजी फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख स्क्रीनवर घेतला. ६० फ्रेमला रेघ १६.७ मिलिसेकंदांवर असते, ९० ला ११.१ वर, १४४ ला ६.९ वर. रेघ कुठे आहे यापेक्षा ती सपाट आहे का, हे बघायचं. माझी होती दातेरी, आणि वळणावर मधूनच उंच सुळका. सरासरी ८८ आणि सगळ्यांत वाईट एक टक्का फ्रेमचा वेग फक्त ४१. ज्याला वन पर्सेंट लो म्हणतात तो हाच आकडा, आणि कार्ड घेताना लोकांनी आधी तो बघावा असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट खरंच १४४ आहे ना, हे आधी तपासलं. बऱ्याच जणांकडे नवीन मॉनिटर लावूनही तो ६० वरच राहिलेला असतो. माझ्याकडे तो बरोबर होता.

मग रॅम. माझ्या मशीनमध्ये आठ जीबीची एकच स्टिक होती, म्हणजे सिंगल चॅनेल, प्रोसेसर आणि रॅममध्ये ये-जा करायला एकच वाट. एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "भाऊ, रॅमने काय होणारे, कार्डच बदला." मी तशीच दुसरी स्टिक घेतली आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये बसवली. सरासरी जेमतेम पाचने वाढली, पण वन पर्सेंट लो थेट साठच्या जवळ गेला. कार्ड बदललं असतं तर पैसे कितीतरी जास्त गेले असते आणि हे सुळके बहुतेक तसेच राहिले असते.

उरलेली गडबड दुपारीच व्हायची. एप्रिलचं ऊन, माझी खोली पश्चिमेची, आणि प्रोसेसर ९५ अंशांच्या वर जाऊन स्वतःचा वेग कमी करायचा. कॅबिनेट उघडलं. आमच्या इंदिरानगरात सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं. ती सगळी धूळ प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडीसारखी दाटून बसली होती. ब्रशने आणि ब्लोअरने ती काढली, थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली होती ती पुसून नवीन लावली. दुपारचं तापमान ८० च्या आत आलं आणि सुळके जवळजवळ गेले.

तरीही एक बारीक थरथर उरली होती, आणि खरी मजा इथे आली. पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो आणि कार्ड देतं ९० फ्रेम. भागाकार येतो १.६. पडद्याला एक पूर्णांक सहा दशांश वेळा काही दाखवता येत नाही, म्हणून कुठली फ्रेम ६.९ मिलिसेकंद टिकते, कुठली १३.९. व्ही-सिंक, म्हणजे पडद्याच्या ठोक्यावरच फ्रेम बदलायची सोय, बंद केलं तर चित्र मधूनच फाटतं. मी रिवाट्यूनरमध्ये ७२ ची मर्यादा घातली, १४४ च्या बरोबर निम्मी. आता प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा. भावाला पुन्हा बसवलं, काउंटर झाकला आणि दोन्ही सेटिंगवर तेच वळण घ्यायला लावलं. त्याने ७२ निवडलं. "हे जास्त फ्रेमवालं आहे ना?" असं विचारलंसुद्धा.

पुढे मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू केलं. अशीच सोय असलेलं जी-सिंक कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये जाहीर केलं आणि २०१५ पासून एएमडीचे फ्रीसिंक मॉनिटर बाजारात आले. त्याआधी पडदा स्वतःच्या ठोक्यावर चालायचा आणि कार्डाला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागायचं. यात उलट आहे. पडदा फ्रेमची वाट बघतो. माझ्या मॉनिटरची कक्षा ४८ ते १४४ आहे, तिच्या खाली गेलं की तीच फ्रेम दोनदा दाखवून तो काम चालवतो. आता मर्यादा ८५ ला ठेवलीय, कारण तेवढं माझं कार्ड उन्हाळ्यातही न दमता देतं. कधीतरी १०० ला जाणं आणि मग ६० ला कोसळणं, यापेक्षा हे कितीतरी बरं.

नवे जड गेम ८५ ला जात नाहीत. त्यांच्यासाठी १२० हर्ट्झवर ४० ची मर्यादा घालतो, कारण १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो. ४० हा आकडा ऐकायला तिसाच्या जवळचा वाटतो, पण वेळेत मोजा: ३० फ्रेम म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७, आणि ४० चे २५ बरोबर त्यांच्या मध्यावर. पॅड हातात घेऊन खेळायच्या गेमला तेवढं पुरतं. माऊसने नेम धरायच्या गेमला नाही, तिथे मी सावल्या आणि रिफ्लेक्शन खाली आणतो पण फ्रेम सोडत नाही.

एक अडखळणं अजून आहे, ते माझ्या सेटिंगने जाणारं नाही. काही गेम नवीन दृश्य आलं की त्याचे शेडर, म्हणजे ते दृश्य रंगवायचे कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, तिथल्या तिथे तयार करतात आणि रेघ एकदाच उंच उडते. ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा तेच. ज्या गेममध्ये सुरुवातीलाच शेडर तयार करायची पट्टी येते तिथे मी ती पूर्ण होऊ देतो, आणि तोपर्यंत खेळायला बसत नाही.