काकांनीच टेपचं टोक धरलं होतं

आमची नगर परिषद लहान, वऱ्हाडातली, आणि मी तिथं रचना सहायक. मागच्या वर्षी हद्दवाढ झाली, बाजूची दोन गावं आमच्यात आली. लोकांना वाटते हद्दवाढ म्हणजे गाव शहरात येते. गाव कुठलं, येतात ते लेआउट! पऱ्हाटीच्या वावरात खुट्या ठोकून पाडलेले प्लॉट, नालीचा पत्ता नाही, विजेच्या डीपीवर भलताच लोड, आणि सगळ्यांना उद्या नळ पाहिजे.

अधिसूचना निघाल्यावर हरकतींना 30 दिवस असतात. आल्या त्या बहुतेक जुन्या गावठाणातल्या, घरटॅक्स वाढते म्हणून. मग कोणीतरी सांगितलं की घरकुल ग्रामीणमध्ये 1 लाख 20 हजाराचं अन शहरात अडीच लाखाचं, तर काही जण हरकत परत घ्यायला आले. लेआउटवाल्या लोकांची एकही हरकत नव्हती.

तर त्या दिवशी मी, टॅक्स विभागातला एक जण अन शिपाई असे सर्व्हेला गेलो. लेआउट टीपीची (नगररचना विभागाची) मंजुरी असलेला, 2.40 हेक्टरचा, म्हणजे 10 टक्क्यांनी 2400 चौरस मीटर ओपन स्पेस (सगळ्यांसाठी मोकळी सोडायची जागा) पाहिजे. नकाशाची प्रत मी आधीच काढून नेली होती. (ग्रामपंचायतीच्या दप्तरात ती नव्हतीच, तरी नमुना 8 ला, म्हणजे घरटॅक्सच्या रजिस्टरला, सगळी घरं चढलेली.) आता जागेवर ओपन स्पेस शोधायची कशी? मोजणीचे दगड लोकांनी ओट्यात चिणलेले, 9 मीटरचा रस्ता कुठं सव्वासात तर कुठं सातच भरते. लेझर मी वापरत नाही, उन्हात ठिपकाच दिसत नाही, आपला 30 मीटरचा फायबर टेप बरा. नकाशात एक विहीर होती, जागेवर कुठंच नव्हती. मग एका ठिकाणी रस्ता गोल खचलेला दिसला, पावसाळ्यात बुजवलेली विहीर अशीच दबते. तिथून माप धरलं अन सगळा नकाशा बरोबर बसला. साहेबांना हे सांगितलं तर ते नुसते हो का म्हणाले.

ओपन स्पेसवर 16 घरं निघाली. त्यातलं एक रिटायर एसटी कंडक्टर काकांचं, 1500 फुटांचा प्लॉट, ग्रॅच्युइटीतून घेतलेला. शिपाई पाणी प्यायला गेला होता म्हणून टेपचं दुसरं टोक काकांनीच धरलं. “इथं ठेवू का भाऊ, तुळशीपाशी?” मी म्हटलं, ठेवा. दोनदा मोजलं. तुळस पूर्ण आत होती, घर पण.

काकू चहा घेऊन आल्या. काकांनी भिंतीवरचा लॅमिनेशन केलेला रंगीत नकाशा काढून दाखवला, “बगीचा तर तिकडं हाये ना, नाल्याकडं.” तो लेआउटवाल्याने वाटलेला नकाशा. मंजूर नकाशात नाल्याकडची ती जागा लेआउटमध्येच नाही, सरकारी आहे. रजिस्ट्री झालीच ना, म्हणाले. झाली. रजिस्ट्रीवाल्यांना स्टॅम्प ड्युटीशी मतलब, नकाशाशी नाही, अन लेआउटवाला आता दुसऱ्या रोडवर प्लॉट पाडून राहिला.

मी तेव्हा काहीच बोललो नाही. चहा घेतला. बाहेर आल्यावर टॅक्सवाला म्हणे, “तू कायले डोकं लावतं बे, टॅक्स लावू अन मोकळे होऊ.” त्याला वसुलीचं टार्गेट आहे, त्याचं पण बरोबरच म्हणा.

नंतर काकांना ऑफिसला बोलावून सांगितलं. ते गुंठेवारीचं विचारत होते, 31 डिसेंबर 2020 पर्यंतचं नियमित होते म्हणून पेपरात वाचलेलं, आणि घर तर त्याच्या आधीचं. आता गुंठेवारी आहे विनापरवानगी तुकडे पाडून विकलेल्या जमिनीसाठी, मंजूर लेआउटची खुली जागा मी त्यात कशी बसवू? दोनदा समजावलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मग म्हणाले, “बरं, मंग घरटॅक्सची पावती तर देऊन द्या.”

पावती मिळते, टॅक्स तर अनधिकृत घरालाही लागतेच. खाली बारीक अक्षरात छापलेलं असते की हा मालकीचा पुरावा नाही. चष्मा घरी राहिला म्हणून काकांनी मलाच रक्कम वाचून दाखवायला लावली, मी रक्कम वाचली. खालची ओळ नाही वाचली.

ते पावती घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, लॅमिनेशन करायला.