नको ना रे

अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस. रात्रीचे साडेअकरा. लाइट आत्ता आली.

काल दुपारी घर भरलेलं होतं. ताई, तिची पोरं, धुळ्याची मावशी, सगळे पंगतीत. मागच्या दारी खापर अजून तापलेलं, परातीत मांड्यांची चळत, आणि मी आमरसाचं पातेलं घेऊन वाढत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “ए मन्या, नको ना रे.”

माझाच आवाज. आणि मी तर इथे, पंगतीत उभी.

क्षणभर सगळे गप्प झाले, मग एकदम हशा. मावशी म्हणाली, “अवं माय, हाऊ ते तुनाच आवाज काढस वं!” पोरं ताटावरून उठून खोलीकडे पळाली. मीही हसले, हसावंच लागलं. पातेलं ठेवून आत गेले तोवर मन्याच्या, आमच्या पोपटाच्या, चोचीत छातीवरचं एक पीस होतं. राखाडी, बोटाच्या पेराएवढं, देठाला ओलसर. माझ्याकडे बघत त्यानं ते खाली टाकलं. ताईच्या धाकट्यानं विचारलं, “मावशी, याला कोणी सोललं?”

त्याचं उत्तर मी दिलं नाही. कालपासून माझ्या कानात तो आवाजच घुमतोय. मी असं बोलते? इतकं रडवेलं? शेवटच्या ‘रे’ला आवाज फाटतो, तोसुद्धा त्यानं जसाच्या तसा उचललाय. मला वाटायचं मी त्याला समजावते. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की हे समजावणं नाही, ही भीती आहे. असा आवाज मी याआधी एकदाच काढला होता, त्या वर्षी, दवाखान्याच्या जिन्यात. ताई हसता हसता थांबली ती त्यामुळेच. तिनं ओळखला. असो.

संक्रांतीनंतर मन्या आला तेव्हा माझी समजूत अशी होती की घर बदललं, प्रेम मिळालं, की पिसं येतील. अकरा वर्षांचा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट, पायात कडी, शेपटीत लालभडक पिसं उरलेली चार. डोकं मात्र पूर्ण झाकलेलं, शाल गुंडाळल्यासारखं, आणि मानेखाली उघडी गुलाबी कातडी. नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा डोक्याकडेच बोट दाखवलं. चोच पोचत नाही तिथलीच पिसं शाबूत आहेत, म्हणजे हा स्वतःच उपटतो, आजाराने गळत असती तर डोक्यावरचीही गेली असती. तरी रक्त, विष्ठा, पिसांतल्या विषाणूची तपासणी सगळं केलं. पहाटे चारला निघून, पिंजऱ्यावर ओली चादर टाकून नेलं होतं त्याला. विषाणू निघाला नाही. निघाली ती अकरा वर्षांची सूर्यफुलाची बी आणि चहात बुडवलेली बिस्किटं. अ जीवनसत्त्व नाही, कॅल्शियम नाही, कातडी कोरडी. वर आपली हवा. हा पक्षी कांगोकडच्या पावसाळी जंगलातला. त्याला आपल्याकडच्या चव्वेचाळीस अंशांत, तोंडाला कोरड पाडणाऱ्या वाऱ्यात आणून बसवलंय.

नाना म्हणतात, सोडून दे त्याला, लिंबावरच्या मिठूंमध्ये मिसळेल. मी त्यांना सांगून थकले की ते मिठू इथले आहेत, म्हणूनच त्यांना पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. हा इथला नाही. त्याला आपल्या लिंबावर खायलाही कळणार नाही. आणि या अंगावर तो उडणार तरी किती?

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. सगळं म्हणजे एक गोष्ट सोडून, तिच्याकडे येतेच. गंगाफळ, गाजर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. पहिले पंधरा दिवस तो वाटी उलटी करायचा. मग मी त्याच्यासमोर बसून स्वतः कच्चं गाजर खायला लागले, तेव्हा आठव्या-नवव्या दिवशी एक फोड उचलली. सूर्यफूल आता मोजून, हातातून. नॉनस्टिकचा तवा घरातून काढला, तो जास्त तापला तर त्यातून सुटणारा वायू पाखरांच्या फुप्फुसाला लागतो आणि ती पटकन मरतात. रोज सकाळी कोमट पाण्याचा फवारा. कूलरचं गवत दर आठवड्याला बदलते, ओल्या गवतातली बुरशी या जातीला फार लवकर बाधते. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर, कारण त्याला दहा-बारा तास झोप लागते. सातनंतर आमच्या घरात टीव्ही लागत नाही, त्यावरून घरात जे झालं ते झालं.

चोचीला काम हवं म्हणून ज्वारीची अख्खी कणसं टांगते. एक-एक दाणा काढून खायला त्याला तासभर पुरतात. नानांच्या मळ्यातून केळीचं वाळलेलं सोपट, म्हणजे खोडाची साल, आणते. फवारणी न झालेल्या झाडांचं, ते नाना वेगळं ठेवतात. पऱ्हाटीच्या काड्या कोणीतरी आणून दिल्या होत्या, त्या मी परत केल्या, कपाशीवर काय काय मारलेलं असतं ते मला माहीत आहे. सोपट मन्याला आवडलं. पायात धरतो, चोचीनं उभं फाडतो, धागा धागा सुटा करतो. ते बघत बसावंसं वाटतं. दोन महिने मला वाटत होतं की फरक पडतोय. श्रीखंडाच्या डब्यात मी रोजची पिसं जमवते, वहीत आकडा लिहिते. फेब्रुवारीत एका दिवशी सव्वीस होती, मार्चमध्ये बारा-चौदा. छातीवर नव्या पिसांचे कोंब दिसायला लागले, पांढऱ्या मेणाच्या बारीक नळ्यांसारखे. त्यात रक्त असतं, तेव्हा हात लावायचा नाही.

मग त्यानं तेच उपटायला सुरुवात केली. रक्त यायचं. आणि मी धावायची. भाकरी थापता थापता, पिठाच्या हातानं, “ए मन्या, नको ना रे.”

हीच ती गोष्ट. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “तो उपटतो तेव्हा तुम्ही काय करता?” मी म्हटलं, धावत जाते. ते म्हणाले, “धावू नका. त्या वेळी बघूसुद्धा नका. तो शांत असेल तेव्हा जा.” मी हो म्हटलं. घरी आल्यावर एक दिवससुद्धा ते मला जमलं नाही. पाठ वळवून उभी राहिले तरी कान तिकडेच. पीस तुटताना जो आवाज होतो, ‘टक’, दोरा तुटल्यासारखा, तो मला बंद दारातूनही ऐकू येतो. कोण उभं राहील तो ऐकत?

काल रात्री झोपच लागली नाही. वाटलं, माझ्यामुळेच झालं सगळं. त्या आधीच्या घरानं याला चहा पाजला, मी याला भीती पाजली. तीन महिने राबून, घरच्यांची बोलणी खाऊन मी त्याला काय शिकवलं, तर माझी घाबरलेली हाक. मी हे पाखरू आणायलाच नको होतं. ज्यांना जमतं त्यांनी आणावं. आधीही माझ्याच्यानं कोणाचं काही… जाऊ दे.

आज दुपारी सगळे झोपले तेव्हा मी खोलीच्या दाराआड चटईवर बसून राहिले, फटीतून तो दिसेल अशी. बराच वेळ काही नाही. त्यानं कूलरच्या मोटरचा आवाज काढला, कुकरची शिट्टी काढली. मग गप्प. मग मान दाराकडे वळवून म्हणाला, “ए मन्या, नको ना रे.” आणि थांबला.

तो थांबला हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं. डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होत होती, एक पाय वर घेतलेला. दाराकडे बघत होता. पुन्हा म्हणाला, जरा हळू. पुन्हा थांबला. मगच मान खाली घातली, छातीतलं एक पीस निवडलं, सुईत दोरा ओवताना धरावा तसं चोचीत धरून देठापर्यंत गेला. टक. आणि परत दाराकडे.

म्हणजे तो चिडवत नव्हता. मला बोलावत होता. मी येते तेव्हा दर वेळी ‘नको ना रे’ म्हणतच येते. त्यानं काय समजावं? त्याच्या लेखी ते माझं नाव आहे. आधी नावानं हाक मारतो. नाही आले, तर जे केल्यावर मी हमखास येते ते करतो.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या शास्त्रज्ञ बाईंनी याच जातीच्या अ‍ॅलेक्सला तीस वर्षं शिकवलं, २००७ मध्ये तो गेला तोवर. त्याला शंभराहून जास्त शब्द यायचे. तो केळं मागायचा आणि दुसरं काही दिलं तर घ्यायचा नाही. मन्या आला तेव्हा मी हे वाचलं होतं आणि वाटलं होतं, आपण जळगावची माणसं, केळ्याला काय तोटा. पण मन्यानं केळं मागितलं नाही. मला मागितलं. आणि मी दोन महिने त्या हाकेला न जाता त्या ‘टक’ला जात होते.

मग मी रडले थोडी. मग उठून तोंड धुतलं.

यात माझी चूक आहेच. पण नुसती चूकच आहे असं आता वाटत नाही. अकरा वर्षांत त्याच्या हाकेला कोणी आलं असेल की नाही, कोण जाणे. इथे तीन महिन्यांत त्यानं एक हाक तयार केली, कारण इथे कोणीतरी येतं. हे पाखरू चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतं. आवाज सुधारायला वेळ आहे मला.

चार वाजल्यापासून मी हाकेला जायला लागले. तो ‘नको ना रे’ म्हणाला की लगेच, पिसापर्यंत चोच जायच्या आत. काही न विचारता, न रागावता, शेजारी बसायचं आणि शांतपणे म्हणायचं, “आले रे.” संध्याकाळपर्यंत पाच हाका आल्या. तीनदा वेळेत पोचले. एकदा दूध उतू चाललं होतं म्हणून उशीर झाला. एकदा ताई ते जिन्याचं बोलायला लागली होती, उठता आलं नाही. त्या दोन्ही वेळी ‘टक’ ऐकू आलं, आणि मी गेले नाही. ओट्याची कड धरून उभी राहिले, तो शांत होऊन दांडीवर चोच पुसेपर्यंत. हे फार अवघड आहे. उद्याही अवघड जाईल.

काही जागी पिसं आता येणारच नाहीत, असं डॉक्टर म्हणालेत. वर्षानुवर्षं उपटून मुळं गेलेली असतात. उजव्या पंखाखाली एक तळहाताएवढी जागा तशी आहे. आज फवारा मारताना नीट बघितली. थेंब त्या कातडीवर मोत्यांसारखे थांबतात, घरंगळत नाहीत. मन्या डोळे अर्धे मिटून पंख किंचित वर धरतो, तिथेच पाणी हवं असल्यासारखा.

सातला चादर टाकली. लाइट नव्हती, कूलर बंद, म्हणून खिडकीला ओला टॉवेल लावला. मावशी पलंगावरून सगळं बघत होती. म्हणाली, “त्याले आजून घर सापडनं नही, भो. सापडई.”

डब्यातली पिसं मोजली. अकरा. काल पाहुण्यांच्या गडबडीत मोजायची राहिली होती, त्यामुळे कालची किती आणि आजची किती, कळत नाही. वहीत दोन्ही दिवसांपुढे मिळून अकरा लिहिलंय.

सोपट संपलंय. पिंजऱ्याच्या तळाशी नुसते धागे पडलेत. सकाळी ताईला स्टेशनवर सोडून परस्पर नानांच्या मळ्यात जाऊन येईन.