पिशवी काढली, तरी दुखतं कसं?

'अगं, पिशवी काढून टाकलीस ना? मग आता कसलं दुखतं?' हळदीकुंकवाला, लग्नघरी, एकदा तर एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

माझं सगळं दुखणं पिशवीतलं नव्हतंच. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर रुजतो: अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयापाशी, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत. तो गर्भाशयाच्या भिंतीतच शिरला तर त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, आणि पिशवी गेली की तो आजारही जातो. मला दोन्ही होते. एक गेला, एक राहिला. धो धो रक्तस्राव थांबला, हिमोग्लोबिन वर आलं, त्यामुळे ऑपरेशनचा पश्चात्ताप मला अजिबात नाही. पण आतड्याजवळ रुजलेल्या थराचे डाग तिथेच राहिले. हाडांच्या आणि हृदयाच्या काळजीपोटी अंडाशय ठेवलेत. त्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होतं आणि त्यावर हे डाग पोसतात. म्हणून पाळी नसूनही महिन्यातले काही दिवस शौचाला बसलं की आत सुरी फिरल्यासारखं होतं. 'मग अंडाशयही काढून टाक' असं सांगणारे भेटतात. ते काढूनही काहीजणींचं दुखणं राहतं.

एका डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, 'सगळं नॉर्मल आहे, मन कशात तरी रमवा.' वरवरचे डाग सोनोग्राफीत बहुतेकदा दिसतच नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येताना रिक्षात रडले. दुखण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

खरा फरक पडला तो एका फिजिओथेरपिस्टमुळे. इतकी वर्षं कळ सोसताना मी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरत आले होते, आणि आता ते सुटतच नव्हते. त्यात कुठेतरी वाचून मी आवळण्याचेच व्यायाम करत होते! त्यांनी ते बंद करायला लावले आणि सैल सोडायला शिकवलं. पाठीवर पडायचं, पोटऱ्या खुर्चीवर टेकवायच्या, श्वास पार खालपर्यंत जाऊ द्यायचा, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. कमोडवर बसताना पायांखाली पाट. पहिले दोन महिने काहीच वाटलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका रात्री सलग झोप लागली.

रात्री ॲमिट्रिप्टिलिनची अगदी लहान गोळी घेते. 'ही तर डिप्रेशनची ना?' असं घरातही विचारून झालं. पण फार काळ दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते, साध्या गॅसचीही कळ येते. ती हळवेपणाची धार कमी व्हावी म्हणून माझ्या डॉक्टरांनी ती दिली आहे. तुमच्यासाठी काय योग्य, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि कुणाला याच आजारासाठी पिशवी काढायला सांगितली असेल, तर आधी हे जरूर विचारा: आतड्यावर, मूत्राशयावर आजार आहे का? असल्यास तोही त्याच वेळी काढणार का? अंडाशय ठेवणार की काढणार, आणि का? मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. पिशवी गेली की सुटले, इतकंच डोक्यात होतं.

अजून एक. पुढच्या हळदीकुंकवाला मी खुर्ची मागितली तर तेवढी द्या. मांडी घालून मला पंधरा मिनिटंही बसवत नाही, आणि यायची तर मला फार इच्छा असते.