इमानाचं शेत

आमच्या आजीच्या तोंडी विमानतळ हा शब्द कधी आला नाही. ती म्हणायची इमानाचं शेत. कल्याणहून मलंगगडाकडे निघालं की नेवाळी लागते, तिथली ही जागा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथे धावपट्टी केली आणि आसपासच्या गावांच्या भातजमिनी त्यात गेल्या. जवळच सैन्याची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. छावणीला निदान नवं नाव तरी मिळालं.

सुट्टीत मामाकडे गेलो की सायकल त्या पट्टीवरच. पावसाळ्यात चारी बाजूंना खाचरं तुडुंब आणि मधे ही कोरडी सरळ जागा, त्यामुळे गावची गुरं तिथेच रवंथ करत बसलेली. घंटी वाजवून बोट दुखायचं, म्हशी ढिम्म हलत नसत.

हे सगळं आठवायला मला इंग्लंडला जावं लागलं. मुलगी लिंकनशायरमध्ये असते. जुलैत गेलो होतो, तेव्हा जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही एसटीत मेकॅनिक होता ना, चला, एक इंजिन दाखवतो." ईस्ट कर्कबी नावाचं गाव. ऑगस्ट १९४३ मध्ये तिथे बॉम्बर विमानांचा तळ सुरू झाला. तेव्हाच्या तळांचा ठरलेला नमुना होता: एक मुख्य पट्टी २००० यार्डांची, म्हणजे १८०० मीटरच्या वर, आणि तिला छेदणाऱ्या दोन आखूड, १४०० यार्डांच्या. वारा कुठूनही आला तरी चालावं म्हणून तीन. बॉम्ब आणि पेट्रोल भरलेलं लँकॅस्टर हे बॉम्बर विमान तीसेक टनांचं, त्याला धावायला जागा लागायचीच. विमानं एका ठिकाणी उभी करत नसत. कडेने गोल ओटे करून लांब लांब ठेवायची, म्हणजे शत्रूचा एक बॉम्ब पडला तर सगळी जायला नकोत. आमच्या डेपोत गाड्या एकमेकींना चिकटून लावायची सवय, त्यामुळे मला ते फारच पटलं.

तिथे एक लँकॅस्टर अजून चालतं. उडत नाही, जमिनीवर फिरतं. चार मर्लिन इंजिनं, प्रत्येकी बारा सिलिंडर, २७ लिटर. मी जन्मभर सहा सिलिंडरची लेलँड उघडली. पहिलं इंजिन खोकलं, निळा धूर निघाला, मग एकदम सूर लागला. दुसरं, तिसरं, चौथं. चारही लागल्यावर पायाखालचं गवत थरथरत होतं. कानावर हात ठेवायचं मला सुचलंच नाही.

पण मला जास्त भावली ती मालकाची गोष्ट. फ्रेड आणि हॅरल्ड पँटन हे दोघे भाऊ शेतकरी. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर बॉम्ब टाकायला गेलेल्या हॅलिफॅक्स विमानात होता. त्या एका रात्रीत ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत, त्यात त्याचंही. पुढे या भावांनी जुन्या तळाचा काही भाग विकत घेतला, ते लँकॅस्टर आणून ठेवलं आणि भावाच्या आठवणीसाठी हे संग्रहालय उभं केलं. त्या भागात असे तळ पुष्कळ होते. युद्ध संपल्यावर कितीतरी तळांवर पुन्हा गहू आला, काही पट्ट्यांवर आता कोंबड्यांच्या लांबलचक शेड आहेत. तिकडच्या शेतकऱ्याला काँक्रीट फुकट पाया म्हणून मिळालं म्हणायचं.

आमच्याकडे? २०१७ च्या जूनमध्ये त्या धावपट्टीच्या जमिनीला नौदल घालत असलेल्या कुंपणावरून नेवाळीत आंदोलन पेटलं, रस्त्यावर गाड्या जळल्या. मी तेव्हा ठाण्यात घरात बसून टीव्हीवर बघत होतो आणि पडद्यावर मामाच्या गावचं वळण ओळखत होतो.

लँकॅस्टर पाहिलं त्या संध्याकाळी मामेभावाला त्याचा व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन. इंजिनाबद्दल एक शब्द नाही.

"त्यांची जमीन त्यांना परत दिली, का इकत घ्यायला लावली?"

"इकत घेतली," मी म्हटलं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग लावणी कुठवर आली ते सांगू लागला. माणसं मिळत नव्हती, वरच्या दोन खाचरांचा आवण तसाच पडून होता.